हातपाय थांबले, पण मेंदू थांबला का? लांबलेली फिट, ईईजी आणि उपचार, पहिल्या मिनिटापासून

"आता शांत झोपलेत." फिट येऊन गेलेल्या माणसाच्या नातेवाइकांकडून मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. दहा-पंधरा मिनिटं हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस निपचित पडला की बघणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. शिकत होतो तेव्हा माझाही पडायचा. पण औषधाच्या गुंगीत झोपलेला माणूस आणि मेंदूत फिट चालूच असलेला माणूस बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोघांचे डोळे मिटलेले असतात, हाक मारली तर ओ नसते, श्वास चालू असतो. त्यांच्यात फरक करायला डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीच्या, वायरी लावण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

ही भीती पुस्तकी नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटके दिसायचे थांबले अशा १६४ रुग्णांना पुढचे २४ तास ईईजी लावून ठेवला होता. त्यांतल्या ४८ टक्के रुग्णांच्या मेंदूत फिटच्या लहरी नंतरही येतच होत्या, आणि १४ टक्के रुग्ण तर अंग न हलवता पूर्ण स्टेटसमध्ये होते. स्टेटस एपिलेप्टिकस म्हणजे आपणहून न थांबणारी, किंवा मध्ये शुद्ध न येता एकामागून एक येत राहणारी फिट. वॉर्डात सगळे नुसतं 'स्टेटस' म्हणतात, मीही तसंच म्हणतो.

घरात अपस्माराचा रुग्ण आहे अशांसाठी आणि कॅज्युअल्टी-आयसीयूत नवीन लागलेल्या डॉक्टर-नर्ससाठी हे लिहितोय. औषधांच्या मात्रा दुसऱ्या गटासाठी आहेत. घरच्यांनी त्या वाचून काही टोचायचं नाही. पण आयसीयूच्या दाराआड काय चाललंय ते त्यांनाही कळावं, म्हणून दोन लेख न करता एकच केला.

घड्याळ आधी

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटली तर ती आपोआप थांबण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. म्हणून २०१५ साली अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्याख्या करताना दोन वेळा ठरवल्या. सर्वांगाला झटके देणाऱ्या फिटसाठी ५ मिनिटांना उपचार सुरू झालेच पाहिजेत, आणि ३० मिनिटांनंतर मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ शकते. शुद्ध हरपलेली पण सर्वांगाला झटके न देणारी, मेंदूच्या एका भागातली फिट असेल तर हेच आकडे १० मिनिटं आणि तासापेक्षा जास्त असे आहेत.

घाई कशासाठी, हे एकदा समजलं की विसरत नाही. मेंदूत 'गाबा' नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. मिडाझोलम, लोराझेपाम, डायझेपाम ही औषधं त्याच ब्रेकवर जोर देतात. फिट लांबली की पेशीच्या पृष्ठभागावरचे गाबाचे रिसेप्टर, म्हणजे गाबा जिथे चिकटतं त्या जागा, आत ओढले जातात आणि पेशीला उत्तेजित करणारे एनएमडीए रिसेप्टर वर येतात. ब्रेकच गायब होत असेल तर त्यावर पाय दाबून काय होणार? दहाव्या मिनिटाला जे इंजेक्शन फिट थांबवतं तेच, तेवढंच, तासाभराने दिलं तर ढिम्म परिणाम होत नाही. पुढचा सगळा क्रम आणि सगळी घिसाडघाई यातून आली आहे.

घरी किंवा रस्त्यात: पहिली पाच मिनिटं

घड्याळ बघा आणि वेळ मोठ्याने म्हणा, म्हणजे तिथल्या दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात राहील. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट पाच मिनिटांसारखं वाटतं आणि नंतर डॉक्टरांनी विचारलं की उत्तर येतं, "बराच वेळ." त्या 'बराच वेळ'वर औषध ठरवता येत नाही.

आजूबाजूचं, ज्याने इजा होईल असं सामान सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. झटके ओसरू लागले की माणसाला कुशीवर वळवा म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येईल. हातपाय दाबून धरू नका, खांदा निखळू शकतो. दातखीळ बसली म्हणून तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, पाणीही नको. जीभ गिळली जात नाही. चावली जाते, ती भरून येते. चमच्याने तुटलेला दात श्वासनळीत गेला तर मात्र नवीनच संकट उभं राहतं.

डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं तातडीचं औषध घरात असेल तर ते पाच मिनिटांना द्या. नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा, गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत सोडायचं मिडाझोलम, किंवा गुदद्वारातून देण्याचं डायझेपाम, असे याचे प्रकार आहेत. फवाऱ्याबद्दल एक सांगतो, कारण इथे गफलत होते: एका फवाऱ्यात किती मिलिग्रॅम औषध निघतं हे प्रत्येक बाटलीला सारखं नसतं. म्हणून 'स्प्रे द्या' एवढ्यावर घरी येऊ नका. या बाटलीचे किती फवारे, कोणत्या नाकपुडीत किती, दुसऱ्यांदा द्यायचा का, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच चिकटवा. औषध दिल्यावर श्वासावर लक्ष ठेवा.

आयुष्यातली पहिलीच फिट, गरोदर बाई, मधुमेही रुग्ण, डोक्याला मार, पाण्यात आलेली फिट, किंवा एकीतून शुद्धीवर न येता दुसरी आली, तर पाच मिनिटांची वाट न बघता लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.

हात मोकळा असलेल्या माणसाने मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा. लोकांना हे निर्दयपणाचं वाटतं. पण डोळे उघडे होते की मिटलेले, मान कुठे वळली, आधी कोणता हात हलला, हे त्या अर्ध्या मिनिटात दिसतं, आणि नंतर ईईजी वाचणाऱ्याला त्याचा खूप उपयोग होतो.

कॅज्युअल्टीत: पाच ते वीस मिनिटं

श्वास, ऑक्सिजन, मॉनिटर, शिरेत सुई, आणि बोटाला टोचून साखर. साखर कमी असेल तर ग्लुकोज द्या. कुपोषण किंवा दारूचं व्यसन असेल तर त्याच्याआधी किंवा सोबत १०० मिलिग्रॅम थायमिन द्या. हे सगळं एकीकडे चालू असताना पहिलं औषध जायला हवं, ते झाल्यावर नव्हे.

शीर मिळाली असेल तर लोराझेपाम, किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम. फिट थांबली नाही तर एकदा परत. डायझेपाम असेल तर किलोमागे ०.१५ ते ०.२, कमाल १०. शीर मिळत नसेल तर शोधत बसू नका. ४० किलोच्या वरच्या माणसाला १० मिलिग्रॅम, १३ ते ४० किलोच्या मुलाला ५ मिलिग्रॅम मिडाझोलम मांडीच्या स्नायूत, एकदाच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्नायूतलं मिडाझोलम मिळालेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांची फिट हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत थांबलेली होती. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत हाच आकडा ६३ टक्के होता. लोराझेपाम त्यात कमकुवत ठरलं नाही, शीर शोधण्यात वेळ गेला.

इथे सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे कंजुषी. सत्तर किलोच्या माणसाला 'बघू जरा' म्हणत १ मिलिग्रॅम, पाच मिनिटांनी आणखी १. श्वास बंद पडेल ही भीती त्यामागे असते. ती समजण्यासारखी आहे, पण हिशेब उलटा आहे. श्वास अडकण्याचा धोका पूर्ण मात्रेपेक्षा लांबलेल्या फिटमध्ये जास्त. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी ठेवा आणि पूर्ण मात्रा द्या.

दुसरी फळी: वीस ते चाळीस मिनिटं

आता लेव्हेटिरासिटाम, व्हॅल्प्रोएट किंवा फॉसफेनिटोइन यांपैकी एक. कोणतं चांगलं यावर एकेकाळी वॉर्डावॉर्डात पक्ष पडले होते. २०१९ साली तिन्ही समोरासमोर ठेवून केलेल्या चाचणीचा निकाल आला आणि वाद मिटला: तिघांनाही साधारण ४५ ते ४७ टक्के यश. म्हणजे निवड रुग्णाकडे बघून करायची. यकृताचा आजार, मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) आजार किंवा गर्भारपण असेल तर व्हॅल्प्रोएट नको. हृदयाचे ठोके बिघडलेले किंवा रक्तदाब खाली असेल तर फेनिटोइन-फॉसफेनिटोइन नको. मूत्रपिंड कमजोर असेल तर लेव्हेटिरासिटामची पहिली मात्रा पूर्ण द्या, पुढच्या कमी करा.

६० किलोच्या माणसाचा हिशेब करून बघू. लेव्हेटिरासिटाम किलोमागे ६० मिलिग्रॅम, म्हणजे ३६०० (कमाल ४५००). व्हॅल्प्रोएट किलोमागे ४०, म्हणजे २४०० (कमाल ३०००). फॉसफेनिटोइन किलोमागे २०, म्हणजे १२०० (कमाल १५००), आणि हा आकडा फेनिटोइनच्या तुलनेतल्या मिलिग्रॅममध्ये मोजतात. केस पेपरवर "इंजेक्शन लेव्हेटिरासिटाम १ ग्रॅम" असं दिसलं तर समजा, साठ किलोच्या रुग्णाला तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी औषध मिळालं. मग 'औषध लागू पडलं नाही' असा शेरा येतो. ते दिलंच कुठे होतं?

फॉसफेनिटोइन नसून साधं फेनिटोइनच असेल तर मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका. १२०० मिलिग्रॅमला किमान २४ मिनिटं लागतात, ईसीजी मॉनिटर लावलेला हवा. फक्त नॉर्मल सलाइनमध्ये द्या. ग्लुकोजच्या बाटलीत घातलं तर नळीत पांढरा साका धरतो. शीर मोठी आणि पक्की हवी, कारण औषध बाहेर झिरपलं तर हात जांभळा पडतो.

गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई असेल तर आधी एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाशी जोडलेली फिट, आठवा. तिथे मॅग्नेशियम सल्फेट लागतं. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडच्या गोळ्या जास्त पोटात गेल्या असतील तर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, शिरेतून दिल्याशिवाय बाकीची औषधं हात टेकतात.

ईईजी कुणाला आणि कधी

झटके थांबले. आता परत घड्याळ. अर्ध्या तासात माणूस हळूहळू उठायला लागला, डोळे उघडतोय, सांगितलेलं ऐकतोय, तर ठीक. तसं होत नसेल तर ईईजी लावायचा, सकाळपर्यंत थांबायचं नाही. मधूनच तंद्री, मधूनच शुद्ध असा खेळ चाललाय, डोळे एका बाजूला खेचलेत, पापणी किंवा अंगठा बारीक फडफडतोय, तरीही लावायचा. नळी घालण्यासाठी स्नायू ढिले करणारं इंजेक्शन दिलं असेल तर आणखीच तातडी, कारण त्या औषधाने अंग थांबतं आणि मेंदूवर काडीचाही परिणाम होत नाही. तेव्हा बाहेरून काही दिसणं शक्यच नसतं.

अर्ध्या तासाचा ईईजी स्वच्छ आला म्हणून हुश्श करायचं नाही. फिट मधूनमधून येतात आणि तो अर्धा तास नेमका दोन फिटच्या मधला असू शकतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, सतत ईईजी लावलेल्या रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात ज्यांना फिट सापडल्या त्यांतल्या ८८ टक्के रुग्णांची पहिली फिट २४ तासांच्या आत दिसली. पण कोमातल्या पाचांपैकी एकाला त्याहून जास्त वेळ लागला. म्हणून थोडीफार शुद्ध असलेल्याला २४ तास, कोमातल्याला ४८, हा साधा नियम मी पाळतो. रात्री तंत्रज्ञ नसेल तर कमी वायरींचा पट्टा लावून सुरुवात करा आणि सकाळी पूर्ण लावा. काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

वायरी लावताना

१९२४ साली जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा या लहरी टिपल्या आणि १९२९ साली त्या छापल्या. तेव्हापासून यंत्रं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, पण टाळूवर वायर चिकटवण्याचं काम अजूनही हाताचंच आहे आणि ते वेळखाऊ आहे.

आधी टेप. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळगीपासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत मोजा. समजा ३६ सेंटिमीटर भरलं. पहिली खूण १० टक्क्यांवर, म्हणजे ३.६ वर. पुढच्या प्रत्येक खुणेला २० टक्के, म्हणजे ७.२ सेंटिमीटर मिळवायचे: १०.८, १८, २५.२, ३२.४. बरोबर १८ वरची खूण म्हणजे डोक्याचा मध्य. तसंच एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. याला म्हणूनच दहा-वीस पद्धत म्हणतात. डावीकडच्या जागांना विषम आकडे, उजवीकडच्यांना सम. घाईत अंदाजाने लावलेल्या वायरी दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बसत नाहीत. मग एका बाजूच्या लहरी लहान दिसतात आणि नसलेला पक्षाघात शोधत बसावं लागतं.

प्रत्येक जागी केस बाजूला करून खरखरीत जेल कापसाच्या काडीने हलकेच घासायचं, म्हणजे त्वचेवरचं तेल आणि मेलेला थर निघतो. मग पेस्ट भरून चकती बसवायची. दिवसभर ठेवायची असेल तर नुसती पेस्ट सुकते. कोलोडियन नावाचा चिकट द्रव लावावा लागतो आणि त्याच्या वासाने सगळ्या वॉर्डाला कळतं की कुणालातरी ईईजी लागलाय. प्रत्येक वायरीचा रोध ५ किलोओहमच्या खाली आणा, फार तर १० चालेल. एका वायरीचा २ आणि शेजारचीचा १५ असेल तर ५० हर्ट्झची विजेची गुणगुण त्या वायरीत शिरते. ती लपवायला फिल्टर वाढवू नका, वायर परत लावा. वेगवान लहरी गाळणारा वरचा फिल्टर फार खाली ओढला तर स्नायूंची साधी थरथरसुद्धा टोकदार होऊन फिटच्या लहरींसारखी दिसू लागते.

कॅमेरा लावा, आणि तो रुग्णाच्या चेहऱ्यावर असू द्या, छतावर नको. चकत्यांखालची कातडी रोज तपासा, विशेषतः कपाळावरची. एमआरआयला नेताना त्यासाठी बनवलेल्या खास वायरी नसतील तर सगळ्या काढाव्या लागतात. हे आधी ठरलेलं नसेल तर दोन तासांची मेहनत वाया जाते.

पडद्यावर काय बघायचं

जागा असलेला, डोळे मिटून पडलेला निरोगी माणूस: डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ लाटांची अल्फा लय, डोळे उघडले की ती मावळते. गुंगीत किंवा आजारी मेंदूत लाटा संथ होतात, ४ ते ८ म्हणजे थीटा, त्याखाली डेल्टा. संथ लाटा म्हणजे फिट नव्हे.

फिटची खूण म्हणजे बदलत जाणं. सुरुवातीला एका कोपऱ्यात बारीक, वेगवान लहरी दिसतात. काही सेकंदांत त्या मोठ्या आणि टोकदार होतात, शेजारच्या वायरींवर पसरतात, वेग कमी होत जातो आणि मग एकदम तुटतात. पाठोपाठ सपाट, थकलेली पट्टी. जी लय जन्मभर एकसारखी चालली आहे, तिच्यावर मी आधी संशय घेतो. ती व्हेंटिलेटर असू शकते, नाडी असू शकते.

एका रात्री माझ्याच पाळीत पडद्यावर डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला तीन-चारच्या सुरेख, टोकदार लाटा सुरू झाल्या. मिडाझोलमची ड्रिप वाढवायला सांगून मी फोन ठेवला आणि मग व्हिडिओ उघडला. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला कुशीवर वळवून पाठीवर थापट्या मारत होता. थापटी आणि लाट अगदी ताला-सुरात. धावत जाऊन ड्रिप खाली आणली. तेव्हापासून आधी व्हिडिओ, मग निदान.

मोजायची पद्धत सोपी आहे. पडद्याचं एक पान १० सेकंदांचं ठेवा. त्यात २५ पेक्षा जास्त टोकं असतील, म्हणजे सेकंदाला अडीचहून जास्त, तर ती ईईजीवरची फिट. अडीचपेक्षा कमी वेग असूनही लाटा वर सांगितल्याप्रमाणे बदलत, पसरत जात असतील आणि ते १० सेकंद टिकलं, तरीही फिटच. अशी एक फिट सलग १० मिनिटं टिकली, किंवा कुठल्याही एका तासातली १२ मिनिटं फिटमध्ये गेली, तर ईईजीवरचं स्टेटस.

अवघड असतो तो मधला पट्टा. सेकंदाला एक-दोनच्या गतीने, न बदलता, ठराविक अंतराने येणारे टोकदार ठोके. हे फिट आहे की फिटमुळे झालेल्या जखमेची खूण, यावर तज्ज्ञ आजही भांडतात. इथे एक चाचणी करता येते. ईईजी चालू ठेवून शिरेतून थोडं मिडाझोलम किंवा लोराझेपाम द्या. लाटा गेल्या आणि माणूसही उठला, बोलला, तर फिट होती. नुसत्याच लाटा गेल्या तर काहीच सिद्ध झालं नाही, कारण यकृत बिघडल्यामुळे येणाऱ्या लाटाही याच औषधाने पुसल्या जातात. असा प्रत्येक ठोका पुसून टाकण्यासाठी रुग्णाला खोल भूल द्यावी, या मताचा मी नाही. व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया हाही जीव घेतो.

आणि एक उलटा प्रकार. जोरात झटके, पण डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवी हलतेय, अर्धा तास झाला तरी ऑक्सिजन व्यवस्थित. वायरी लावल्या तर झटक्यांच्या मध्ये स्वच्छ अल्फा लय. ही अपस्माराची फिट नव्हे, मानसिक ताणातून येणारी आहे. ती नाटक नव्हे, माणूस खरंच त्रासात असतो. पण त्याला भूल देऊन नळी घालणं हा त्याच्यावर झालेला अन्याय आहे, आणि ईईजी तो टाळतो.

चोवीस तासांच्या लहरी पानापानाने बघणं एका माणसाला जमत नाही. म्हणून संगणक त्यांचा रंगीत पट्टा करून देतो: आडवा वेळ, उभी गती, रंग म्हणजे ताकद. त्यावर फिट ज्योतीसारख्या दिसतात, एकामागे एक. नर्सला पाच मिनिटांत शिकवता येतं की अशी ज्योत दिसली की फोन कर. पण निर्णय मूळ लहरी बघूनच.

भूल: चाळीस मिनिटांनंतर

पहिलं औषध आणि दुसऱ्या फळीतलं एक, दोन्ही पूर्ण मात्रेत देऊनही फिट चालूच, म्हणजे 'रिफ्रॅक्टरी' स्टेटस. आता श्वासनळीत नळी, व्हेंटिलेटर आणि भुलीची ड्रिप. मिडाझोलम: सुरुवातीला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, मग तासाला किलोमागे ०.०५ पासून सुरू करून ईईजी बघत २ पर्यंत. प्रोपोफॉल झटपट चढतं, झटपट उतरतं. पण मोठ्या मात्रेत दोन दिवसांपेक्षा जास्त चाललं तर रक्त आम्लधर्मी होणं, स्नायू विरघळणं, हृदय मंदावणं असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. लहान मुलांत तर मी ते लांबच ठेवतो. थायोपेंटोन सगळ्यांत जोरकस आणि उतरायला सगळ्यांत आळशी. आणि केटामाइन. मघाशी सांगितलेले वर आलेले एनएमडीए रिसेप्टर आठवा, केटामाइन नेमकं तेच बंद करतं आणि रक्तदाबही फारसा पाडत नाही. माझ्या मते ते बऱ्याच ठिकाणी उशिरा आठवतं.

भूल किती खोल हवी? काही जण फिटच्या लहरी थांबल्या की समाधान मानतात. काही जण 'बर्स्ट सप्रेशन'पर्यंत नेतात: पडद्यावर आठ-दहा सेकंद सपाट रेघ, मग सेकंदभर लाटांचा भपका, परत सपाट. दुसरा मार्ग पहिल्यापेक्षा सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. भपक्याच्या आतच फिट दडलेली असू शकते, म्हणून नुसती सपाट सेकंदं मोजून भागत नाही, भपक्याचा आकारही बघावा लागतो.

२४ ते ४८ तास पडदा शांत राहिला की ड्रिप हळूहळू उतरवायची, आणि या काळात वायरी काढायच्या नाहीत. उतरवताना फिट परत येणं नेहमीचं आहे. त्याआधी रोजची औषधं रक्तात पुरेशी आहेत का, हे तपासा. एक सापळा मी दोनदा पाहिला आहे: व्हॅल्प्रोएटवर चांगला असलेला रुग्ण, छातीत जंतुसंसर्ग म्हणून मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू, आणि दोन दिवसांत फिट परत. मेरोपेनेममुळे रक्तातलं व्हॅल्प्रोएट एक-दोन दिवसांत रसातळाला जातं आणि व्हॅल्प्रोएट वाढवूनही ते वर येत नाही. दोघांपैकी एक औषध बदला. भूल देऊन २४ तास झाल्यावरही फिट चालू असेल किंवा उतरवताना परत आली तर तिला 'सुपर-रिफ्रॅक्टरी' म्हणतात. मग कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट) आहार, प्रतिकारशक्तीवरची औषधं असे पुढचे मार्ग उघडतात.

कारण

हे सगळं चालू असताना कुणीतरी एकाने फक्त कारणाच्या मागे लागायचं. आधीचा अपस्माराचा रुग्ण असेल तर गोळ्या चुकल्या का, हा पहिला प्रश्न. विचारताना आवाजात दोष नको, नाहीतर "नाही हो, सगळ्या घेतल्या" असंच उत्तर येतं. सोडियम, कॅल्शियम, साखर, सीटी, ताप असेल तर पाठीच्या कण्यातलं पाणी. हर्पीसच्या मेंदूज्वराची शंका आली तर रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर. आयसीयूतल्याच औषधांकडेही बघा: मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाला पूर्ण मात्रेत सेफेपाइम हे अँटिबायोटिक दिलं तर अंग न हलवता स्टेटस होऊ शकतं, आणि सगळे म्हणतात जंतुसंसर्गामुळे गुंगी आहे. तरुण, आधी धडधाकट, काही दिवस विचित्र वागणं, मग न आवरणाऱ्या फिट: शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली असेल, त्या तपासण्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच पाठवा.

बाहेर बसलेल्यांसाठी

तुमचं माणूस भुलीत असताना तुम्ही डॉक्टरांना रोज तीनच प्रश्न विचारा. शेवटची फिट ईईजीवर किती वाजता दिसली? आज ड्रिप चढवताय की उतरवताय? कारण सापडलं का? "कसे आहेत?" या प्रश्नाला "तसेच आहेत" यापलीकडे उत्तर मिळत नाही, या तीन प्रश्नांना मिळतं.

ड्रिप बंद झाल्यावर माणूस त्याच दिवशी उठत नाही. थायोपेंटोन दिलं असेल तर कित्येक दिवस जातात, चरबीत साठलेलं औषध हळूहळू रक्तात येत राहतं. या काळात ईईजीवर डोळे लावून बसलेला डॉक्टर बघत असतो ते एवढंच: टाळी वाजवली, नाव घेऊन हाक मारली, तर लाटा बदलतात का. डोळे उघडण्याच्या आधी पडद्यावर तो बदल दिसू शकतो. तेव्हा आत सोडलं तर हाक तुम्ही मारा, घरात ज्या नावाने मारता त्या नावाने.